भविष्यकाळ, इंग्रजी : स्पॅनिशभाषकांसाठी सराव

स्पॅनिश मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना भावी घटना सांगणाऱ्या इंग्रजी क्रियारचना अर्थानुसार निवडता याव्यात, यासाठी योजलेला अभ्यासक्रम. इंग्रजीत प्रत्यय लागून सिद्ध होणारे भविष्यकाळाचे रूप नाही. ते काम ‘विल’ व ‘शॅल’ ही साहाय्यक क्रियापदे, ‘गोइंग टू’ ही संयुक्त रचना आणि साधा व चालू वर्तमानकाळ यांत विभागलेले आहे. याच कारणास्तव हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळ मानलेला नाही.

स्पॅनिशमध्ये मात्र असे प्रत्ययी रूप आहे. लॅटिनमधील मूळ क्रियारूपाला ‘जवळ असणे’ या अर्थाचे क्रियापद जोडले जाऊन ‘कांतारे’ (मी गाईन) यासारखी रूपे घडली आणि ही घडण नेब्रिहा याने १४९२ च्या आपल्या व्याकरणात ओळखली होती. याच्या जोडीला ‘जाणे’ या क्रियापदावर आधारलेली ‘बोय आ कांतार’ ही रचना असून लॅटिन अमेरिकेच्या बोलण्यात तिचाच वापर अधिक आढळतो.

ही दुसरी रचना ‘गोइंग टू’शी मिळतीजुळती असल्याने विद्यार्थी ती लवकर आत्मसात करतात, पण जेथे ‘विल’ हवे तेथेही तीच वापरण्याकडे त्यांचा कल होतो. त्याच क्षणी घेतलेला निर्णय किंवा देऊ केलेली मदत स्पॅनिशमध्ये साध्या वर्तमानकाळात सांगता येते. त्यामुळे ‘ते आयुदो’ (मी तुला मदत करतो) याचे ‘आय हेल्प यू’ होते, तर इंग्रजीत ‘आय विल हेल्प यू’ अपेक्षित असते. आधी ठरलेल्या भेटीसाठी इंग्रजी चालू वर्तमानकाळ योजते. स्पॅनिशमधील तशाच घडणीचे रूप सामान्यतः या अर्थी चालत नसल्याने ‘आय ॲम मीटिंग हर टुमॉरो’ यासारखी वाक्ये मुद्दाम घोटून घ्यावी लागतात.

कालवाचक उपवाक्यात स्पॅनिश भाषा भावी घटनेसाठी संभावनार्थ, म्हणजे घटना अजून प्रत्यक्षात आली नसल्याचे दर्शवणारे क्रियारूप, वापरते. इंग्रजीत तेथे साधा वर्तमानकाळ येत असल्याने ‘व्हेन आय विल अराइव्ह’ ही चूक संभवते. उलट, ‘जर’च्या उपवाक्यात दोन्ही भाषा वर्तमानकाळच योजतात, म्हणून तेथे अडचण कमी असते. स्पॅनिश भविष्यरूप वर्तमानाविषयीचा अंदाजही सांगते : ‘सेरान लास त्रेस’ म्हणजे ‘तीन वाजले असतील’. मराठीतील ‘असतील’ही असाच अंदाज व्यक्त करते, इंग्रजीत मात्र अशा वेळी बहुधा ‘मस्ट बी’ योग्य ठरते.

रूप व उच्चार यांतील अडचणीही नियमित असतात. स्पॅनिशमध्ये कर्ता अध्याहृत राहू शकत असल्याने ‘इट’ गाळून ‘इज गोइंग टू रेन’ म्हटले जाते, ‘विल’नंतर अनावश्यक ‘टू’ येतो आणि ‘वोन्ट’ व ‘वॉन्ट’ यांच्या उच्चारांत गोंधळ होतो.

दोन भाषांच्या रचनांची तुलना करून अडचणी आधीच ओळखण्याची पद्धत रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मधील ग्रंथात मांडली; पुढे विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष चुकांच्या विश्लेषणाने तिला पूरक आधार दिला. या दोहोंवर उभा असलेला सराव रूपांच्या तक्त्यापाशी थांबून चालत नाही. तत्काळ निर्णय, पूर्वीचा बेत, ठरलेली भेट, डोळ्यांसमोरच्या खुणांवरून केलेले भाकीत आणि वेळापत्रक अशा प्रसंगांनुसार त्याची मांडणी करावी लागते. आकाशातील काळे ढग पाहून ‘गोइंग टू’, आगगाडीच्या वेळेसाठी साधा वर्तमानकाळ आणि जड सामान घेतलेली व्यक्ती दिसताच ‘विल’ ही निवड न अडखळता होऊ लागली, की सरावाचे उद्दिष्ट साधले असे मानता येते.