‘किरकोळ पत्रव्यवहार’ नावाची फाईल

स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधायला आम्ही शाळेच्या माडीवरचं कपाट उघडलं, तेव्हा फोटो थोडे आणि वाळवीच जास्त निघाली. पण तळाशी ‘किरकोळ पत्रव्यवहार १९७८–८२’ असं लिहिलेली एक फाईल होती. आतलं अक्षर पाहून मी तिथेच स्टुलावर बसलो. ते माझंच होतं.

१९८२च्या आपल्या दहावीच्या तुकडीला आठवत असेल, माझं अक्षर बरं म्हणून हेडसर मला कचेरीत बोलावून पत्रं लिहून घेत. या फाईलीत धर्मादाय न्यासांना पाठवलेल्या अर्जांच्या सात स्थळप्रती आहेत. सातही अर्ज आपल्या एकाच मित्रासाठी. ‘नाव छापू नकोस’ असं त्याने बजावलंय, पण तुम्हाला तो कोण हे कळलंच असेल. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायाला कॅलिपर, आणि कॅरममध्ये आपल्या सगळ्यांचा बाप.

पुढे मी तीस वर्षं इतिहास शिकवला. सनदा, बखरी, शिलालेख मुलांना समजावले. विनंती अर्ज हेही इतिहासाचं साधन असतं, हे मात्र मला या फाईलीने दाखवलं.

मुंबईतली दानाची परंपरा जुनी. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. शिवाय व्यापारी घराण्यांचे आणि ज्ञातींचे कितीतरी लहान न्यास. १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने या सगळ्यांना नोंदणी आणि हिशेबतपासणी लागू केली. हेडसरांकडे अशा न्यासांच्या पत्त्यांची एक वही होती. पैसा असतो, पण तो कोणासाठी हे मूळ न्यासपत्रात लिहिलेलं असतं. आमच्या सात अर्जांपैकी दोघांचं उत्तर एकाच अर्थाचं आलं: मदत फक्त आमच्या ज्ञातीच्या विद्यार्थ्यांना. तिघांकडून उत्तरच नाही. एकाने शुभेच्छा पाठवल्या.

सातव्याने दीडशे रुपये मंजूर केले. अट एकच, कॅलिपर लावलेला विद्यार्थ्याचा फोटो पाठवावा.

कॅलिपर हे प्रकरण आधी सांगायला हवं. पुण्यात १९४४ साली लष्कराने जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र काढलं. पैसे भरून नागरिकांचंही काम तिथे होई. मित्राचा कॅलिपर तिथला. पण वाढत्या मुलाचा पाय लांबतो आणि लोखंडी पट्ट्या काही लांबत नाहीत. चामड्याचे पट्टे घामाने कुजतात. ते आपल्या स्टँडजवळचा चांभार शिवून द्यायचा. म्हणजे खर्च एकदाचा नव्हता, दर दीड-दोन वर्षांनी नवा होता, आणि मधली दुरुस्ती वेगळी. आमचा एकही अर्ज दुरुस्तीसाठी नाही. सर म्हणत, ‘दुरुस्तीला कोण देतंय? नवीन वस्तू मागा.’

तर फोटो. मीच त्याला बाजारपेठेतल्या स्टुडिओत घेऊन गेलो. फोटोग्राफरने हाफपँट आणखी वर दुमडायला सांगितली, पट्टे नीट दिसावेत म्हणून. मी दुमडून दिली. तो काही बोलला नाही. नंतर आठवडाभर तो माझ्या बाकावर बसला नाही, आणि मला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून असेल.

१९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. आपल्याकडे त्यानिमित्त वक्तृत्व स्पर्धा झाली, पहिला नंबर माझा. (हसू नका.) त्याच वर्षी अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची ‘ॲडिप’ योजना सुरू झाली, पण तिचं परिपत्रक आपल्या फाईलीत नाही. त्या योजनेचा नियम असा की एकदा साधन मिळालं की तीन वर्षं पुन्हा मागता येत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना ही मुदत एका वर्षाची. तेराव्या वर्षी पाय वाढायचा थांबतो का, हे नियम करणाऱ्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं.

पण अर्जाखाली सही कोणाची, ही बाजूही बदलत गेली. फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर १९४७ साली मुंबईत उपचारकेंद्र सुरू केलं. तिथे मागणारी एक आई होती. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी राहिली, तेव्हा मागणारे स्वतःच होते. मग १९९५चा कायदा आला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार. २०१६च्या कायद्यात एकवीस. आमच्या सातही अर्जांत सही हेडसरांची आहे. मित्राची कुठेच नाही.

आता आजची गोष्ट. आपल्या माजी विद्यार्थी संघाने शाळेत उतरंड आणि कमोडचं स्वच्छतागृह बांधायचं ठरवलं. कंपनी कायदा २०१३प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, म्हणून एका कंपनीकडे अर्ज केला. हेडसरांचा अर्ज एका पानाचा होता, आपला चाळीस पानांचा झाला: नोंदणी प्रमाणपत्र, घटना, ठराव, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, १२ए, ८०जी, सीएसआर-१ क्रमांक. ज्यांना कुणाला अशा वाटेने जायचं असेल त्यांनी कागद आधी जमवावेत. आपले चार महिने त्यातच गेले. शेवटच्या पानावर एक रकाना होता: लाभार्थ्यांची छायाचित्रे.

आपल्या संघाचा खजिनदार तोच मित्र. त्याने त्या रकान्यात लिहिलं, ‘उतरंड पूर्ण झाल्यावर उतरंडीचे छायाचित्र पाठवू.’ मला वाटलं, अर्ज गेला. पण पैसे आले. उतरंड तुम्ही मेळाव्याला येताना पाहालच.

मुलांना स्वच्छतागृहापर्यंत नेणाऱ्या मावशींच्या पगाराला मात्र त्या कंपनीने नकार दिला. आवर्ती खर्च त्यांच्या धोरणात बसत नाही. सध्या तो पगार वर्गणीतून जातो, आणि वर्गणी मार्चपर्यंतच पुरेल. दुसऱ्या एका न्यासासाठी नवा मसुदा मी लिहिलाय. सवयीने ‘गरीब व होतकरू’ लिहून गेलो. त्याने लाल पेनाने ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘इयत्ता पाचवी ते आठवी, विद्यार्थी चार.’ मग फाईलीतला तो स्टुडिओतला फोटो मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने बराच वेळ पाहिला.

‘पँट तू दुमडली होतीस,’ तो म्हणाला. ‘फोटोग्राफरने नाही.’

मसुदा सोमवारी टपालात पडेल. सही त्याची आहे.