शाळेचे ग्रंथालय आणि शासनाची दखल

बंगळूरच्या चिकपेटेत माझे अधूनमधून जाणे होते. रेशमी साड्यांच्या व्यापाराची ही पेठ, केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेल्या मूळ गावाचा भाग. पुढे विजापूर दरबाराकडून बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. त्यामुळे मराठी माणसाला हे गाव कधीच सर्वस्वी परके वाटलेले नाही. चिकपेटेला छेदून जाणारा ॲव्हेन्यू रोड म्हणजे जुनी दोड्डपेट. तेथे जुनी पुस्तके विकायला असतात. अशाच एका ढिगात मला मराठी बालकथांचे एक पुस्तक मिळाले. आत एका शाळेचा शिक्का, दाखल क्रमांक आणि परतीच्या तारखांची चिठ्ठी होती. एका वर्षीच्या एप्रिलपर्यंत चिठ्ठी तारखांनी गच्च भरलेली होती. त्यानंतर एकही तारीख नव्हती.

तारखा थांबण्याची कारणे अनेक असू शकतील. मला मात्र माझ्याच टेबलावरून गेलेली एक फाईल आठवली.

मी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी कनिष्ठ अधिकारी होतो. एका प्राथमिक शाळेकडून ग्रंथालय पुरस्कारासाठी प्रस्ताव आला. त्या शाळेत पुस्तकांची देवघेव मुलेच पाहत असत. पुस्तके घरी जात, आणि मुलांनी मोठ्याने वाचलेले घरची माणसे ऐकत. शिक्षकांनी वर्षभराच्या देवघेवीची वहीच प्रस्तावाला जोडली होती. राज्य शासनाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचा पुरस्कार आहे, पण तो १९६७ च्या कायद्याखालील सार्वजनिक ग्रंथालयांसाठी. शाळा त्यात येत नाही. मी शेरा लिहिला : 'नियमात बसत नाही, परत करावा.' शेरा नियमाप्रमाणे बिनचूक होता. दोन वर्षांनी तपासणीसाठी त्या शाळेत गेलो, तेव्हा त्या शिक्षकांची बदली झालेली होती. कपाटाला कुलूप होते आणि जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत एकही पुस्तक कमी नव्हते. कागदावर ते ग्रंथालय पूर्वीपेक्षा अधिक सुस्थितीत होते!

चांगल्या कामाची दखल घेणे म्हणजे प्रशासनाने नेमके काय करणे, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. त्याचे सर्वात चांगले उत्तर मला बडोद्याच्या इतिहासात सापडले.

सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्यास आले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. या राजाने १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही, तर शिकलेले मूल पुन्हा निरक्षर होते, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या दृष्टीने ग्रंथालय ही शाळेची शोभा नव्हती, तर शाळेवर झालेला खर्च वाया जाऊ न देण्याची तजवीज होती. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच उघडले. बॉर्डन १९१३ मध्ये परतले. पुढे ही धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी सांभाळली.

या खात्याची कार्यपद्धती आजही अभ्यासण्यासारखी आहे. गावाने ग्रंथालयासाठी रक्कम उभी केली, की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यायची. म्हणजे लोकांचा एक रुपया हाच सरकारी मान्यतेचा अर्ज. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळे दालन होते आणि ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्गही सुरू झाला होता. या चळवळीचे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून निघे. बडोद्यातील ग्रंथालयांना एखाद्या समारंभात शाल-श्रीफळ मिळाले असेल वा नसेल. त्यांना अंदाजपत्रकात जागा मिळाली, जबाबदार माणूस मिळाला आणि वार्षिक अहवालात स्थान मिळाले. खरी दखल ती हीच.

बंगळूरलाही या विषयात मोठा वारसा आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन १९५७ मध्ये येथे स्थायिक झाले, १९६२ मध्ये त्यांनी येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले आणि १९७२ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या पंचसूत्रीतील पहिले सूत्र (१९३१) पुस्तकाचे प्रयोजन वापरात आहे असे मानते. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद केली. पण तेथेही भर सार्वजनिक ग्रंथालयावरच राहिला. शाळेचे कपाट शिक्षण खात्याचे, ग्रंथालय दुसऱ्या खात्याचे, आणि दोहोंच्या मध्ये मूल, अशी स्थिती दोन्ही राज्यांत झाली.

आज नियमांचे दारिद्र्य नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. उणीव आहे ती माणसाची. प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पद नसते. ज्या शिक्षकाच्या गळ्यात कपाट पडते त्याला एकच भीती असते, पुस्तक हरवले तर वसुली आपल्याकडून होईल. म्हणून कुलूप! वास्तविक केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी, वर्षभरात वापरास दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी मानले आहे. त्यात लबाडी वा हयगय नसावी एवढीच अट. पुस्तक वापरले की थोडे हरवणारच, हे शासनालाही ठाऊक आहे. शाळेपर्यंत ते पोहोचलेले नाही.

पुरस्कार नसावेत असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेत शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने शालेय ग्रंथालयांच्या संपूर्ण उपक्रमासाठी पुरस्कार साठच्या दशकातच सुरू केला होता. व्यक्तीऐवजी उपक्रमाचा गौरव झाला, तर तो व्यक्तीच्या बदलीनंतरही टिकण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे शाळांसाठी असा निराळा वर्ग करावा आणि त्याची कसोटी कपाटांची संख्या न ठरवता देवघेवीची वही ठरवावी. गौरवाबरोबर त्या कामाचा लेखी कार्यभार पुढच्या शिक्षकाकडे सोपवावा.

महाराष्ट्राबाहेर राहणारे पुष्कळ वाचक आपल्या गावच्या शाळेला पुस्तके पाठवितात. त्यांना एक विनंती. पुस्तके दिल्यावर आभाराचे पत्र मागू नका. सहा महिन्यांनी देवघेवीची वही पाहायला मागा, आणि ती भरलेली असेल तर तिची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना अभिनंदनाच्या पत्रासह पाठवा. सरकारी कचेरीत आलेल्या पत्राची आवक नोंद होते, कोणाला तरी उत्तर द्यावे लागते, आणि त्या शाळेच्या ग्रंथालयाचे नाव प्रथमच एका फाईलवर येते. मी परत पाठविलेल्या त्या प्रस्तावावर मला एवढे करता आले असते. नियमात त्याला कोठेही आडकाठी नव्हती.