वाशिष्ठीचा पूर आणि चिपळूणच्या वाटा

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांची मूळ घरे चिपळूण परिसरात आहेत. उदरनिर्वाहासाठी बरीच मंडळी मुंबई-पुण्यास स्थायिक झाली. तथापि गणपतीस व शिमग्यास गावी जाण्याचा परिपाठ अद्याप सुटलेला नाही. ज्या वाटांनी आपण जातो त्यांचा व नदीचा संबंध तरुण पिढीस ज्ञात असावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते आणि चिपळूणवरून वाहत जाऊन दाभोळच्या खाडीने समुद्रास मिळते. खाडीची भरती थेट चिपळूणच्या वेशीपर्यंत चढते. म्हणूनच पूर्वी गोवळकोटच्या बंदरात गलबते लागत आणि तेथे उतरलेला माल कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जाई. बाजारपेठ पाण्यालगत वसली ती व्यापाराच्या सोयीसाठी. मात्र घरे बांधताना जोते उंच घ्यावे आणि धान्य माळ्यावर ठेवावे, हे शहाणपण जुन्या लोकांपाशी होते.

येथील पुराचे कारण एकच नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस थोड्या तासांत खाली उतरतो. त्याच वेळी खाडीत उधाणाची भरती असली म्हणजे पाण्यास पुढे वाट मिळत नाही. गावातून येणारी शिव नदीही मग तुंबते. पात्रात साचलेल्या गाळाने नदीची सामावून घेण्याची शक्ती कमी झाली आहे. शिवाय १९६२ पासून कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस आणले जाते व अखेर वाशिष्ठीत येते. पुरात त्याचा वाटा किती, याविषयी वाद आहे.

२६ जुलै २००५ च्या पुराने चिपळूणची मोठी हानी केली. पुढे २२ जुलै २०२१ रोजी, आषाढ शुद्ध त्रयोदशीस, पौर्णिमा दोन दिवसांवर असताना, त्याहून भयंकर प्रसंग ओढवला. बाजारपेठ पाण्याखाली गेली. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथसंपदेची अपरिमित हानी झाली. मुंबई-गोवा महामार्गावरील वाशिष्ठीच्या पुलाचा भाग खचला आणि कोकण रेल्वेच्या गाड्याही थांबल्या. रस्ता व लोहमार्ग एकाच दिवशी बंद पडल्यावर बाहेरची मदत वेळेवर कशी पोहोचणार? पुढील वर्षी, १८ महिने उलटण्यापूर्वीच, दरडींच्या भीतीने परशुराम घाटही काही काळ बंद ठेवावा लागला.

पुलाविषयी बेसावध राहिल्याने काय होते, हे याच महामार्गावर महाडजवळ दिसून आले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील इंग्रजी अमदानीतील दगडी पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तेथे नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

शासनातर्फे पूररेषा आखण्यात येतात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा होय. घर अथवा सदनिका घेण्यापूर्वी या रेषा पाहाव्यात, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे. भराव टाकून उंच केलेली जागा पुरापासून सुटली असे वाटते; प्रत्यक्षात ते पाणी शेजाऱ्याच्या अंगणात शिरते.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे. पूर कोठवर आला याच्या खुणा जुन्या घरांच्या भिंतींवर होत्या आणि कोणती आळी आधी बुडते, कोणत्या वाटेने उंचावर निघावे, हे वडीलधाऱ्यांच्या ध्यानात होते. आता घरे पाडली जात आहेत आणि वडीलधारी मंडळीही एकेक करून जात आहेत. यास्तव प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरी कोणत्या साली, किती वाजता, कोठवर पाणी चढले आणि कोणती वाट शेवटपर्यंत खुली राहिली, हे लिहून मंडळाकडे पाठवावे. अशा नोंदींची वही झाली, तर पुढच्या आषाढात गावी एकट्या राहणाऱ्या एखाद्या वृद्ध दांपत्यास वेळीच हलविता येईल. वंशावळी जपणाऱ्या आपल्या ज्ञातीस हे काम कठीण नाही.