फोटो तोच, पण डोळा किती लांब?

इअरफोन नीट लावा, आणि चष्मा असेल तर क्षणभर काढून त्याच्या काचेची कड बघा. जाड आहे? मायनस सहा, आठ, दहा? मग आजचा भाग तुमच्यासाठीच. मी स्वतः मायनस नऊवाला. बाहुली मोठी करणारे थेंब घालून नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात बाहेर पडणं काय असतं, ते मला विचारा!

पण त्या थेंबांनंतर पडद्याचा जो फोटो निघतो ना, तो भन्नाट असतो. नारंगी गोल आणि त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या लाल रेघा. त्या रेघा म्हणजे आपल्या रक्तवाहिन्या. चिरफाड न करता त्या इथे थेट बघता येतात. आज याच फोटोचा इतिहास.

१८५१ मध्ये जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप जगासमोर आणला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा डॉक्टरांना दिसू लागला. पुढे फोटोही निघू लागले. पण वाहतं रक्त कसं टिपायचं? ते जमवलं १९५९ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या दोन मेडिकल विद्यार्थ्यांनी, हॅरल्ड नोव्हॉटनी आणि डेव्हिड आल्व्हिस यांनी. हाताच्या शिरेत फ्लोरेसीन नावाचा रंग टोचायचा. काही सेकंदांत तो डोळ्यात पोचतो, आणि निळा प्रकाश टाकला की हिरवा चमकतो. माणसावरच्या पहिल्या प्रयोगाला डोळा कोणाचा? खुद्द आल्व्हिसचा! गंमत म्हणजे डोळ्यांच्या नियतकालिकाने त्यांचा लेख नाकारला. १९६१ मध्ये तो छापला हृदयविकारांच्या 'सर्क्युलेशन'ने.

आता आपल्यासारख्या मोठ्या नंबरवाल्यांकडे येऊ. आपला प्रॉब्लेम मुळात लांबीचा आहे. डोळा पुढून मागे साधारण २३-२४ मिलिमीटर असतो, आपला २६च्या पुढे जातो. फुगा फुगवला की रबर कसं पातळ होतं? तसाच पडदा ताणला जातो, आणि त्याच्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर, कोरॉइड, पातळ होतो. कधी तिथे बारीक तडे जातात. त्यातून नवीन, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात आणि गळतात. नजरेच्या ऐन मध्यभागी उरणारा तो काळा डाग व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्सने १९०१ मध्येच नोंदवला होता. त्या गळतीचं चित्र मात्र फ्लोरेसीनमुळे मिळालं.

मग यात नागपूर कुठे आलं? २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या ८ गावांत 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' झाली. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या टीमने तिशीपुढच्या ४,७११ गावकऱ्यांना तपासलं. नुसता नंबर नाही काढला. पडद्याचे फोटो घेतले आणि सोनोग्राफीने डोळ्याची लांबीही मोजली. सरासरी निघाली २२.६ मिलिमीटर. पण एक डोळा चक्क ३४ मिलिमीटरच्या वर होता!

ही लांबी इतकी महत्त्वाची का? कारण फोटो मशीन काढतं, पण त्याची मोजपट्टी गृहीत धरलेली असते. २०१४च्या सुमाराला दवाखान्यांत ओसीटी अँजिओग्राफी आली. सुई नाही, रंग नाही. मशीन त्याच जागेचे पाठोपाठ स्कॅन घेतं. ज्या ठिकाणी दोन स्कॅनमध्ये फरक दिसतो, तिथे रक्त वाहतंय. एकदम सोपं! पण 'तीन बाय तीन मिलिमीटर' लिहिलेला स्कॅन साधारण २४ मिलिमीटरच्या डोळ्याचा हिशोब धरून असतो. लांब डोळ्यात तोच स्कॅन प्रत्यक्षात जास्त जागा व्यापतो. म्हणून पडद्याच्या मध्यभागी रक्तवाहिन्या नसलेला जो छोटा भाग असतो, तो आहे त्यापेक्षा लहान दिसतो. आखूड डोळ्यात उलटं. म्हणजे आपल्या गावांतला सरासरी डोळासुद्धा मशीनच्या 'नॉर्मल'मध्ये चपखल बसत नाही! हा फरक काढून टाकायचं गणित लिटमन यांनी १९८२ मध्येच मांडलं होतं. पण त्या गणितात डोळ्याचं माप घालावंच लागतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. लेसर करून चष्मा गेला की आपल्याला वाटतं, सुटलो. लेसर बदलतं ते फक्त पुढच्या काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार. डोळा लांबचा लांबच राहतो, मागचा पडदाही तेवढाच ताणलेला. चष्मा गेला म्हणून पडद्याची तपासणी सोडू नका. तपासायला जाल तेव्हा डोळ्याची लांबी विचारा आणि फोनमध्ये लिहून ठेवा.

आणि घरी एक करा. एक डोळा झाकून फरशीच्या रेघांकडे बघा, मग दुसरा झाकून. रेघ वाकडी दिसली, मधे डाग आला, अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गळणाऱ्या रक्तवाहिन्यांवर आज डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. फुक्सच्या काळी हातात फक्त नोंदवही होती.

चला, हा भाग तुमच्या ग्रुपमधल्या त्या जाड चष्मेवाल्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!