आबालाल रहिमान आणि कोटितीर्थाची आख्यायिका

इतिहाससंशोधकांच्या दप्तरांत सनदा, महजर, बखरी व वंशावळी यांस मानाचें स्थान असतें. चित्रास मात्र ग्रंथाच्या शोभेपलीकडे फारसें कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः चित्र हेंहि एक अस्सल साधन आहे आणि एका अर्थीं पोथीहून अधिक नाजूक आहे. पोथीची एक प्रत वाळवीनें खाल्ली तरी दुसऱ्या एखाद्या मठांत तिची नक्कल सांपडण्याची आशा असते. चित्रास दुसरी प्रत नसते. ह्या दृष्टीनें करवीरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आबालाल यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोल्हापुरांत झाला. घराण्यांत कुराणाच्या सुशोभित हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती, ही गोष्ट पोथ्यांच्या संग्राहकांनीं विशेषेंकरून ध्यानांत ठेवावी. बोरूची शिस्त आणि कुंचल्याची मोकळीक हीं दोन्हीं त्यांच्या हातीं एकत्र आलीं. पुढें मुंबईस १८५७ सालीं स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत त्यांनीं शिक्षण घेतलें. त्या विद्येच्या बळावर मुंबईस राहून द्रव्य मिळवितां आलें असतें. परंतु ते कोल्हापुरास परतले, शाहू छत्रपतींच्या आश्रयास राहिले आणि कोटितीर्थाच्या कांठीं अत्यंत साधेपणानें दिवस काढूं लागले. १९३१ सालीं त्यांचें निधन झालें.

त्यांच्या कलेचें मर्म सांगण्यास आपल्याच शास्त्रग्रंथांतील परिभाषा उपयोगी पडते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत चित्रसूत्र म्हणून प्रकरण आहे. कोणता प्रेक्षक चित्रांत काय पाहतो, याची मोठी मार्मिक वर्गवारी तेथें आढळते. आचार्य रेषेस मान देतात, जाणते लोक वर्तनेस म्हणजे छायाप्रकाशाच्या योजनेस, स्त्रियांस अलंकार रुचतात आणि इतर जन रंगांच्या वैपुल्यावर संतुष्ट होतात. आबालालांचें काम पाहूं जातां पहिल्या दोन कसोट्याच आधीं लावाव्या लागतात. त्यांची रेषा घोटलेल्या अक्षरासारखी निःशंक आहे. आणि रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ हीं नित्याचीं स्थळें त्यांनीं रंगवलीं तेव्हां त्यांचा खरा विषय दगडी बांधणी नसून तिच्यावर पडलेला त्या त्या प्रहराचा उजेड हा आहे. चित्रसूत्रकारानें वर्तनेचे तीन प्रकार सांगितले असून त्यांत बिंदुजा नांवाचा एक आहे. आबालालांचे लहान लहान फटकारे व ठिपके पाहतां ही संज्ञा सहजच आठवते. फ्रान्समध्यें सरा या चित्रकारानें १८८० नंतरच्या दशकांत ठिपक्यांची पद्धति प्रचारांत आणली होती. परंतु ह्या तिहींत परस्परसंबंध जोडण्याचा मोह आवरावा, हेंच बरें. साम्य म्हणजे प्रमाण नव्हे.

ह्या चित्रकाराचें नांव टिकलें तें मुख्यतः इतर चित्रकारांच्या गुणग्राहकतेनें. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून कीर्ति मिळविलेले आनंदराव (मृत्यु १९१६) व त्यांचे आप्तबंधु बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), तसेच दत्तोबा दळवी, ही मंडळी त्याच गांवच्या पाणवठ्यांवर व घाटांवर नजर तयार करून पुढें आली. बाबूरावांनीं पुढें महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून ‘सैरंध्री’ (१९२०) व ‘सावकारी पाश’ (१९२५) हे बोलपट-पूर्व काळांतील चित्रपट निर्माण केले; पडद्यावरील छायाप्रकाशाची त्यांची जाण मूळची चित्रकाराचीच. माधवराव बागल (१८९५–१९८६) हे तर स्वतः चित्रकार, आणि शिवाय लेखक. कोल्हापूरच्या कलावंतांविषयीं त्यांनीं आपुलकीनें लिहून ठेवलें नसतें, तर पुष्कळ गोष्टी बोलणाऱ्यांबरोबरच गेल्या असत्या.

आतां प्रसिद्ध आख्यायिकेकडे वळूं. ६ मे १९२२ रोजीं शाहू छत्रपति निवर्तले, तेव्हां आबालालांनीं शोकावेगानें आपलीं असंख्य चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं, असें सांगतात. कोणी हा आंकडा वीस हजारांपर्यंत नेतात. महाराजांच्या राज्यारोहणापासून (१८९४) निधनापर्यंत अठ्ठावीस वर्षें होतात, म्हणजे दिवस दहा हजारांहून थोडे अधिक. वीस हजार चित्रें व्हावयाचीं तर रोज जवळजवळ दोन झालीं पाहिजेत. पेन्सिलीचे कच्चे आराखडे व हातभर कागदावरील टिपणें हिशेबांत धरलीं, तर हें अशक्य नव्हे; पुऱ्या केलेल्या चित्रांविषयीं मात्र संभवत नाहीं. तेव्हां समकालीन लेखी दाखला पुढें येईपर्यंत ही कथा आख्यायिका म्हणूनच नोंदावी आणि आंकडा तर मुळींच नोंदूं नये.

ही चिकित्सा शुष्क वादासाठीं नाहीं. सर्व हानि तळ्याच्या माथीं मारली म्हणजे शोध तेथेंच संपतो, आणि ओल्या भिंती, कसर, फुटक्या कांचा व आपली उदासीनता हीं सर्व निर्दोष सुटतात. भक्तीची गोष्ट हृदयंगम असते, म्हणूनच ती अधिक पारखून घ्यावी लागते.

म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच कीं, पोथीची पुष्पिका आपण जशी उतरून घेतों, तशी चित्राचीहि नोंद करावी : कागदाचा प्रकार, लांबी-रुंदी, पाठीमागील मजकूर, कोणाकडून व केव्हां आलें, आणि कोणाच्या सांगण्यावरून तें आबालालांचें मानलें जातें. मागची जुनी पाटी चौकट बदलतांना फेंकूं नये. पुष्कळदां तेवढाच पुरावा असतो. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत ह्या परंपरेचीं चित्रें पाहावयास मिळतात. घरचें चित्र त्यांच्याशेजारीं मनानें तरी ठेवून पाहावें. आवडत्या चित्रकाराचा खरा आदर त्याच्या नांवावर चित्रें वाढविण्यानें होत नाहीं; जीं निःसंशय त्याचीं आहेत, तीं पुढच्या पिढीच्या हातीं धडकीं पोंचविण्यानें होतो.