‘यू’व्ह स्टोलन माय हार्ट’ : पुनर्गायन आणि वेष्टन

१९९५च्या ‘रंगीला’ने आणि १९९७च्या, लेस्ली लुईस यांच्या संगीतातील ‘जानम समझा करो’ने आशा भोसले पुन्हा तरुण श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या. परंतु तौलनिक अभ्यासाला अधिक खाद्य पुरवतो तो २००५चा अल्बम. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनॉस क्वार्टेटने राहुलदेव बर्मन यांच्या रचना नव्याने बांधल्या आणि सत्तरी ओलांडलेल्या आशाबाईंनी आपलीच जुनी गाणी पुन्हा गायिली. चार वादकांनी ध्वनिमुद्रणाचे थरावर थर चढवून चित्रपटीय वाद्यवृंदाचा भरणा साधला. साथीला झाकिर हुसेन यांचा तबला आणि वू मान यांचा चिनी पिपा होता.

अल्बमचे नाव म्हणजे ‘चुरा लिया है तुमने’ (१९७३) या गीतारंभाचा इंग्रजी अनुवाद. मजरूह सुलतानपुरींच्या मुखड्यात हे विधान स्वयंपूर्ण नाही. नजर न फिरवण्याची विनवणी त्याला लगेच जोडलेली आहे. वेष्टनावर येताना विनवणी गळाली आणि उरली ती कबुली. उपशीर्षकात बर्मन यांचा ‘बॉलिवूड’ आला. शीर्षकाचे शब्द मात्र ज्यांचे, त्या मजरूहांना त्यात जागा नाही. (ग्रामोफोनच्या काळापासून गीतकाराच्या वाट्याला बहुधा हेच आले आहे.) गंमत अशी की, या गीताच्या आरंभीची चाल १९६९च्या एका हॉलिवूडपटातील गाण्यावरून घेतलेली होती. ग्रॅमीच्या नामांकनात मात्र अल्बम ‘समकालीन जागतिक संगीत’ या वर्गात गणला गेला.