सहा ठिपक्यांचा धडा

राष्ट्रीय सेवा योजनेतून तुमच्यापैकी अनेक जण प्राथमिक शाळांत जातात आणि मुलांशी अपंगत्वाविषयी बोलतात. आम्हीही एकदा गेलो होतो. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना वर्गात चालायला लावले आणि मग विचारले, काय कळले? दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "आंधळ्या माणसांना सारखी भीती वाटते." चूक आमची होती. आम्ही अडचण दाखवली, माणूस दाखवलाच नाही. ही चूक जुनी आहे. ब्रेल लिपीच्या इतिहासात ती स्पष्ट दिसते.

पॅरिसमध्ये १७८० च्या दशकात व्हॅलेंटीन आउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तिथे डोळसांचीच अक्षरे कागदावर उठावाने छापत. ती बोटांनी वाचायला वेळ लागे, पुस्तके जड होत, आणि मुलांना स्वतः लिहिणे जवळजवळ अशक्य होते. लहानपणी वडिलांच्या कारखान्यातील हत्यार लागून दृष्टी गेलेला लुई ब्रेल १८१९ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, या शाळेत आला. चार्ल्स बार्बिए यांची बारा ठिपक्यांची पद्धत त्याने अभ्यासली आणि बोटाच्या टोकाखाली एकदम मावतील असे सहाच ठिपके ठेवले. त्याची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली.

गणित तुमच्या ओळखीचे आहे. प्रत्येक ठिपका उठलेला किंवा सपाट, म्हणजे २×२×२×२×२×२ = ६४ रचना; रिकामी सोडली तर ६३.

तरीही १८४० च्या दशकात त्याच शाळेत या लिपीवर बंदी आली. डोळसांच्या अक्षरांपेक्षा ती फार वेगळी, हा आक्षेप होता. मुले मात्र ती वापरत राहिली. ब्रेल १८५२ मध्ये वारला. फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. सोय कोणाची पाहायची, वाचणाऱ्याची की शिकवणाऱ्याची, हा खरा वाद होता.

भारतात पूर्वी अनेक ब्रेल पद्धती होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. मराठीतला, बंगालीतला आणि तमिळमधला 'क' तिच्यात एकाच खुणेने लिहितात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर हे हक्क शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात यावेत अशी तरतूद आहे.

म्हणून पुढच्या वेळी शाळेत जाताना पट्ट्या नेऊ नका. अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा, दोन उभ्या रांगांचा तुकडा आणि गोट्या न्या. डावीकडचा सर्वांत वरचा खळगा भरला की 'अ'. त्याच रांगेतला सर्वांत खालचाही भरला की 'क'. मुलांना आपापले नाव लिहू द्या. शक्य असेल तर ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीला बोलवा आणि शिकवण्याचे काम तिच्याकडे द्या. त्या तासाला वर्गात सर्वांत जास्त येणारी व्यक्ती ती असेल, आणि मुले तिला प्रश्न विचारतील. समावेशनाची व्याख्या त्यांना नंतर पाठ करता येईल.